दाखल्यावरची शकुंतला आणि खानावळीतल्या मावशी

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर रोज संध्याकाळी साडेसातला एक वर्ग भरतो. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांना १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसवायचं, एवढंच त्याचं काम. शिकवणारे सगळे स्वयंसेवक आहेत: दोन निवृत्त शिक्षिका, बँकेतले एक कारकून आणि डी.एड. करून भरतीची वाट बघणारा एक तरुण. मी त्या वर्गावर शिकवत नाही. अशा वर्गांच्या शिक्षकांची शिबिरं घेतो आणि त्याआधी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचो. वर्गाच्या समन्वयक बाईंनी सल्ला विचारला, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला संबंधितांची परवानगी आहे.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना आपण रुक्मिणीबाई म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे. एसटी स्टँडच्या मागे त्यांची खानावळ आहे. जेवायला येणारे बहुतेक ड्रायव्हर-कंडक्टर आणि बाहेरगावची कॉलेजची पोरं. सगळे त्यांना मावशी म्हणतात. आठवीत शाळा सुटली, पुढे दोन-तीन वर्षांत लग्न झालं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरची शकुंतला सासरी रुक्मिणी झाली. आपल्याकडे हे इतकं सवयीचं आहे की त्यात काही घडलं असं कुणाला वाटत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मात्र शकुंतलाच्या नावाचा राहिला. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि खानावळीचा परवाना रुक्मिणीच्या नावाचे.

दहावी कशासाठी, असं प्रवेशाच्या वेळी विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, "पास व्हायचंय." त्याच्यापुढे काही नाही. समन्वयक बाईंनी फॉर्मवर लिहिलं: "आत्मसन्मानासाठी." हा शब्द रुक्मिणीबाईंचा नव्हता.

अडचण

पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट खटकत होती. हजेरी दाखल्यावरच्या नावाने घेतली जायची, कारण पुढे परीक्षेचा फॉर्म त्याच नावाने जाणार. "शकुंतला" असा पुकारा झाला की वर्ग शांत. शेजारची बाई कोपराने ढोसायची, मग रुक्मिणीबाई दचकून "हजर" म्हणायच्या. तरुण शिक्षकाला यात गंमत वाटायची. तो स्वतः महिनेवारीवर त्यांच्याच खानावळीत जेवायचा. दुपारी "मावशी, अजून एक पोळी" आणि संध्याकाळी "शकुंतला".

दुसऱ्या महिन्यात वर्गाने 'माझी गोष्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. प्रत्येकाला एक वही आणि तीन मथळे: पूर्वी, आता, पुढे. लिहिण्याचा सराव होईल आणि माणूस मोकळा होईल, असा दुहेरी हेतू. बऱ्याच जणांना तो मानवला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी वहीची वही भरली आणि दुसरी मागितली. रुक्मिणीबाईंची वही कोरी. दोनदा आठवण केल्यावर 'पूर्वी'खाली त्यांनी एक ओळ लिहिली: "ती आठवीपर्यंत शिकली." तपासणाऱ्या शिक्षिकेने लाल शाईने 'ती' खोडून 'मी' केलं. शुद्धलेखनाची चूक सुधारावी तसं.

गणिताच्या तासाला तिसरी ठिणगी पडली. तरुण शिक्षक फळ्यावर उदाहरण घालताना म्हणाला, "मावशी, तुम्हाला हे येतंच की! खाड्यांचा हिशोब करता ना, तेच हे." त्याला वाटलं आपण कौतुक केलं. रुक्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या. "येत असतं तर खानावळ बंद करून इथं कशाला आले असते?"

त्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आलेली. समन्वयक बाई घरी गेल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "आता या वयात कशाला, मी आधीपासून सांगत होतो." रुक्मिणीबाईंनी कणीक मळता मळता फक्त एवढंच सांगितलं: "शिकल्यावर मी बदलेन, असं तिथं सगळे म्हणतात. मला बदलायचं नाही. मला पास व्हायचंय."

दोन वेगळे प्रश्न

बैठकीत शिक्षकांनी मांडलेलं निदान असं होतं: बालपणी काहीतरी लागलंय, ते दडपून ठेवलंय, म्हणून त्या स्वतःला 'ती' म्हणतात. आत्मविश्वास वाढवला की होईल ठीक. मला हे पटलं नाही. जी बाई ठरलेल्या वेळी चाळीस माणसांना जेवू घालते आणि उधारी वसूल करते, तिच्या आत्मविश्वासाची काळजी आपण करायचं कारण नव्हतं.

व्यक्तीची ओळख म्हणजे काय, या प्रश्नाखाली दोन प्रश्न असतात, हे तत्त्वज्ञ मारिया शेक्टमन यांनी १९९६ मध्ये नीट वेगळं करून दाखवलं. एक: तेव्हाची ती आणि आत्ताची ही, ही एकच व्यक्ती आहे का? दोन: ही व्यक्ती कोण आहे, कोणते गुण, कोणती कृत्यं, कोणता भूतकाळ खऱ्या अर्थाने तिचा? पहिला प्रश्न बोर्डाचा, बँकेचा, कोर्टाचा. त्याला हो किंवा नाही असं उत्तर लागतं. दुसऱ्याचं उत्तर तसं मिळत नाही, आणि ते माणूस स्वतः देतो. या वर्गात पहिल्याचं उत्तर हजेरीतून दुसऱ्यावर लादलं जात होतं, आणि दुसऱ्याचं उत्तर लाल शाईने दुरुस्त केलं जात होतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर स्वतंत्र प्रकरण घातलं. व्यक्ती तीच राहते ती जाणिवेमुळे: जे जे मी 'हे मी केलं' म्हणून आठवू शकते, तिथपर्यंत मी. रुक्मिणीबाईंना शाळेतलं फार थोडं आठवतं. वर्गाची खिडकी, प्रार्थनेची चाल, बास. म्हणजे लॉकच्या हिशोबाने शकुंतला कुणी दुसरीच? स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. लहानपणी बागेत चोरी करून मार खाल्लेला मुलगा पुढे तरुण अधिकारी होतो आणि शत्रूचा झेंडा पळवतो, म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला झेंडा आठवतो, पण मार आठवत नाही. लॉकचं खरं मानलं तर मुलगा तोच अधिकारी आणि अधिकारी तोच सेनापती, म्हणून सेनापती आणि तो मुलगा एकच असतात, आणि मार आठवत नाही म्हणून एकच नसतातही. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, आत्मा सिद्ध करायला प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे 'आधी पाहिलेलं तेच हे' अशा ओळखीचा आधार घेतला: डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजवा डोळा ओळखतो, तेव्हा पाहणारा दोन्हींमागे एकच असला पाहिजे. रुक्मिणीबाईंची गोची इथेच होती. ओळखायला गेल्या की ओळख पटायची, पण आपलेपणा वाटायचा नाही.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात तर शिक्षणाचंच उदाहरण आहे. बौद्ध भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: विद्या शिकणारा एक आणि शिकून तयार झालेला दुसरा, असं असतं का? बाळाची आई वेगळी आणि मोठ्या माणसाची आई वेगळी? राजा नाही म्हणतो. मग नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नाही, दुसरीही नाही. प्रौढ शिक्षणाच्या सगळ्या पत्रकांवर मला हे छापून हवं आहे. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये साक्षरता मिशन आलं, अलीकडे २०२२ पासून उल्लास हा साक्षरता कार्यक्रम. या सगळ्यांना मोजणी लागते, आणि मोजायला 'आधी' आणि 'नंतर' असे दोन खण लागतात. निरक्षर आणि नवसाक्षर. मोजणीसाठी ते ठीक आहे. पण 'पूर्वी, आता, पुढे' हे वहीतले मथळे त्याच साच्यातून आले होते, आणि त्यातल्या 'पूर्वी'मध्ये नेहमी काहीतरी कमीच असतं.

समोरचे पर्याय

बैठकीत तीन पर्याय चर्चेला आले.

निवृत्त शिक्षिकांचं म्हणणं, समजूत काढायची आणि वही लिहून घ्यायची. त्यांच्या बाजूला वजनदार आधार होता. माणूस आपल्या आयुष्याची गोष्ट रचतो आणि त्या गोष्टीतूनच 'मी' घडतो, हे मत तत्त्वज्ञानात बरंच मान्य आहे. खुद्द शेक्टमन दुसऱ्या प्रश्नाला असंच उत्तर देतात. प्रौढ शिक्षणात जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये, शिक्षणाकडे परतलेल्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास करून, शिकण्याने दृष्टी मुळातून पालटते असं मांडलं. कारखान्याच्या काकांची भरलेली वही समोर होतीच.

बँकेतल्या कारकुनांनी उलट टोक धरलं: उपक्रमच बंद करा, अभ्यासक्रमात नाही ते कशाला? यात काकांचा आणि त्यांच्यासारख्यांचा तोटा होता.

तिसरा पर्याय तरुण शिक्षकाचा. वही ऐच्छिक करायची आणि रुक्मिणीबाईंना सगळं खानावळीच्या अनुभवातून शिकवायचं. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांचं म्हणणं त्याला शिबिरात मीच सांगितलेलं होतं: मुलाला अनुभव येतात, पण मोठा माणूस म्हणजे त्याचा अनुभवच, तो नाकारला की माणसालाच नाकारल्यासारखं होतं. ते खरं आहे. पण इथे अनुभव नाकारला गेलाच नव्हता. उलट तो न विचारता शाळेच्या खात्यात वळता केला गेला होता. त्यांना जे अनोळखी आहे ते शिकायचं होतं, आणि त्यांना सांगितलं जात होतं की यात नवीन काहीच नाही.

माझं मत पहिल्या पर्यायाच्या विरोधात स्पष्ट होतं. तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसन यांनी २००४ मध्ये गोष्टीच्या या आग्रहावर कडक टीका केली. काही माणसं आयुष्याकडे सलग कथा म्हणून बघतात, काही तसं बघत नाहीत. आज मनात जो 'मी' आहे तो वीस वर्षांपूर्वी होता असं त्यांना वाटतच नाही, आणि त्यात आजार काही नाही. अशी माणसं चांगलं जगतात, वचनं पाळतात, उधारी फेडतात. रुक्मिणीबाई यातल्या असतील किंवा नसतील. पण लाल शाईला तो निवाडा करायचा अधिकार नव्हता. आणखी एक: स्त्रीने 'ती' लिहिलं की आपण लगेच दुःख शोधतो. जिचं नावच समारंभपूर्वक बदललं, तिने जुन्या नावाच्या मुलीला 'ती' म्हणणं हे साधं व्याकरण असू शकतं.

काय केलं

आधी कागद. खाजगी विद्यार्थ्याचा अर्ज दाखल्यावरच्या नावानेच जातो, आणि शाळा सोडल्यानंतर दाखल्यावरचं नाव सहजी बदलत नाही. दोन वाटा होत्या. राजपत्रात नावबदल नोंदवून मग फॉर्म भरायचा, किंवा फॉर्म शकुंतलाच्या नावाने भरून राजपत्राचं काम मागाहून करायचं. पहिल्या वाटेने वर्ष गेलं असतं. समन्वयक बाईंनी दोन्ही वाटा रुक्मिणीबाईंपुढे खर्च आणि वेळेसकट ठेवल्या. त्यांनी दुसरी निवडली: "नाव तिचंच राहू द्या, पेपर मी लिहीन."

मग प्रतिज्ञापत्र. त्यातलं ठरलेलं वाक्य असतं की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. वकिलाच्या टेबलाशी रुक्मिणीबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "सही कुणाची करू?" वकिलाला प्रश्न कळला नाही. समन्वयक बाईंनी सांगितलं, "रोज करता ती." बाईंनी इथे फार छान ओळखलं की हा कागद फक्त पहिल्या प्रश्नाचा आहे. देह एक, आईवडील एक, जन्मतारीख एक; बोर्डाला एवढंच हवं असतं. तसं त्यांनी रुक्मिणीबाईंना साध्या शब्दांत सांगितलंही: हा कागद तुम्ही कोण आहात ते ठरवत नाही, फक्त तुमच्या जागी दुसरी कुणी पेपरला बसणार नाही याची खात्री देतो. व्यक्ती हा शब्द मुळात दोष आणि श्रेय कुणाच्या पदरी टाकायचं हे ठरवण्यासाठी आहे, असं लॉकही म्हणतो. त्या दिवशी बाईंना लॉक माहीत असण्याची गरज पडली नाही.

हजेरीपत्रकात 'हाकेचं नाव' असा रकाना वाढवला. बोर्डाच्या कागदांवर शकुंतला, वर्गात रुक्मिणीबाई. 'मावशी' नको, असं त्यांनीच सांगितलं: "ते जेवायला येणाऱ्यांसाठी." तरुण शिक्षकाला ते जरा लागलं, पण त्याने ऐकलं.

वही ऐच्छिक झाली. मथळे काढून टाकले आणि कुणाबद्दलही, 'मी', 'तू' किंवा 'ती', कसंही लिहायची मुभा दिली. रुक्मिणीबाईंनी ती घेतलीच नाही. गंमत अशी की दहावीच्या मराठीत आत्मकथन नावाचा निबंधप्रकार असतो, म्हणजे एखादी वस्तू बोलते आहे असं समजून लिहायचं. त्यांनी पोळपाटाचं आत्मकथन दीड पान लिहिलं, आणि पहिल्या ओळीपासून 'मी'. कथा रचता येत नाही हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. त्यांना स्वतःची कथा द्यायची नव्हती, इतकंच.

गणिताचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या खानावळीत महिन्याचे २,७०० रुपये आणि एका जेवणाच्या खाड्याला ४० रुपये वजा. सुटा खाडा धरत नाहीत. सलग असतील तरच. एखाद्या कंडक्टरने महिन्यात १९ खाडे केले, त्यातले ५ सुटे निघाले, तर १४ चे ५६० वजा, बिल २,१४०. त्याचे हात धुऊन होईस्तोवर आकडा तयार. हे जसंच्या तसं फळ्यावर मांडून 'तुम्हाला येतं' म्हणणं ही जुनीच तऱ्हा झाली असती. शिक्षकाने ते उलटं केलं. दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं. त्याने गणित घातलं: एकाचे धरलेले खाडे ५, बिल २,५००, दुसऱ्याचे १४, बिल २,१४०, तर महिन्याचा दर आणि खाड्याची वजावट काढा.

रुक्मिणीबाई म्हणाल्या, "दर मला माहीत असताना त्याला क्ष कशाला म्हणू?"

"तुमच्या खानावळीचा नाही. पलीकडच्या गल्लीतल्या खानावळीचा समजा. ते दर सांगत नाहीत. पण त्यांची दोन गिऱ्हाइकं तुमच्याकडे आली आणि आपापली बिलं दाखवली."

यावर त्या थांबल्या. मग क्ष वजा पाच य बरोबर २,५००, क्ष वजा चौदा य बरोबर २,१४०. वजाबाकी केली, नऊ य बरोबर ३६०. य चाळीस, क्ष सत्तावीसशे. "म्हणजे न विचारता कळतं," असं म्हणून त्यांनी दुसरं गणित मागितलं. हिशोब त्यांचा जुना होता. न दिसणारा आकडा काढायची युक्ती नवी होती, आणि तीच घ्यायला त्या आल्या होत्या. तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये मांडलं की 'तीच व्यक्ती का' हा प्रश्न आपण समजतो तितका महत्त्वाचा नाही; काय काय पुढे चालत आलं, आठवणी, हेतू, कौशल्यं, आणि किती घट्टपणे, हे बघावं. ते नातं कमी-जास्त असू शकतं. शकुंतलापासून रुक्मिणीबाईंपर्यंत फारसं काही आलं नव्हतं, पण खानावळीपासून बीजगणितापर्यंत बरंच येऊ शकत होतं. शिक्षकाने हात घालायला हवा होता तो या दुसऱ्या धाग्याला.

निष्पत्ती

रुक्मिणीबाई मार्चच्या परीक्षेला बसल्या. पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांनी हॉलतिकीट आणि आधारवरची नावं ताडून पाहिली आणि अडवलं. प्रतिज्ञापत्राची प्रत पिशवीत होती म्हणून निभावलं. इंग्रजी सोडून सगळे विषय सुटले, गणितही. जुलैच्या पुरवणी परीक्षेला मात्र बसल्या नाहीत. कॉलेजचे प्रवेश त्याच सुमारास होतात आणि वर्षभराची गिऱ्हाइकं तेव्हाच ठरतात. शिक्षकांना हे जड गेलं. मला त्यात गैर काही दिसत नाही. त्यांनी आपल्या धंद्याचा विचार केला. राजपत्रातली नोंद झाली आहे.

कारखान्याचे काका पास झाले. त्यांच्या वहीतले उतारे वाचनालयाच्या कार्यक्रमात वाचले गेले, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रवेशाच्या फॉर्मची. "पास व्हायचंय" हे पूर्ण उत्तर होतं, ते तसंच लिहून घ्यायला हवं होतं. हेतूच्या रकान्यात आपले शब्द घातले की पुढचे सगळे उपक्रम त्या शब्दांना धरून आखले जातात आणि माणूस बाजूला पडतो.

दोन नावांचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारण्यासारखा होता. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका अशा वर्गात नेहमीच असतात. कागद जमवायला वेळ लागतो आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. तेव्हा कागदाचं नाव कोणतं आणि हाक कोणत्या नावाने मारू, हे एका दमात पण दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारावं.

इंग्रजीचं काय करायचं हे राहून गेलं. गणितात सापडलेली वाट इंग्रजीत कुणी शोधली नाही, कारण तोवर सगळ्यांना हायसं वाटलं होतं. खानावळीच्या पाटीवर, गॅसच्या बिलावर, मसाल्याच्या पाकिटांवर भरपूर इंग्रजी आहे. पण ते वापरावं की परीक्षेच्या इंग्रजीला थेट भिडावं, हे मी परस्पर सांगणार नाही. ते रुक्मिणीबाईंना विचारावं लागेल.

आणि एक मतभेद अजून मिटलेला नाही. पुढच्या वर्षी सगळे विषय सुटले तर सत्काराच्या फलकावर कोणतं नाव लिहायचं? समन्वयक बाई म्हणतात दोन्ही, शिक्षिका म्हणतात प्रमाणपत्रावरचं. तरुण शिक्षकाचं म्हणणं, आधी त्यांना सत्कार हवाय का ते विचारा. मी त्याच्या बाजूने आहे.